कुलपाआडचं स्टूल

लहानुभाऊ वाळके यांना आठ माणसांनी फसवलं. त्यातले सात जण मुलींच्या वसतिगृहाच्या कमिटीवर अजून बसलेले आहेत. आठवा मी. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण भाऊंना जाऊन पाच आठवडे झाले आणि तेवढ्यात मी चार शोकसभा पाहिल्या. प्रत्येक सभेत त्यांना कर्मयोगी म्हटलं गेलं, फोटोला हार पडला, दोन मिनिटं उभं राहणं झालं, मग चहा. फसवणारे पहिल्या रांगेत होते. मीही होतो. चौथ्या सभेत मला बोलायला उभं केलं तेव्हा तोंडातून शब्द निघाला नाही. लोक म्हणाले, करीमभाईंना फार लागलंय. लागलंय हे खरं आहे. पण लोकांना वाटतं तसं नाही.

मी लाकडाचा व्यापारी. जंगल खात्याच्या डेपोवर लिलावात बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, आणि बांबू घ्यायचे आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या बांधकामांना पुरवायचे, हा माझा धंदा. डोक्यावर मोळी घेऊन सावली गावच्या बाजारात बसण्यापासून सुरुवात केली, त्यामुळे भाव केल्याशिवाय मला पाणीही गोड लागत नाही, आणि राग तर सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. भाऊ गेले त्या दिवशी मी गोंडपिपरीकडे एका डेपोवर होतो. सागाच्या बल्ल्यांचा एक लॉट निघाला होता, सरळ, एकसारखा, आणि समोरच्या व्यापाऱ्याशी मी ईर्षेला पेटलो होतो. तेवढ्यात आमच्याकडचा एक ट्रक ड्रायव्हर गर्दीतून आला आणि कानाशी म्हणाला, "करीमभाई, लहानुभाऊ गेले. सकाळी, चंद्रपूरले." मी ऐकलं, हात वर केला आणि पुढची बोली बोललो. लॉट माझ्या नावावर सुटला. मग त्याच ढिगावर बसलो तेव्हा कळलं की हा लॉट मी त्यांच्यासाठीच घेत होतो. गेली वीस वर्षं सरळ बल्ली दिसली की माझ्या डोळ्यांपुढे त्यांचा पाय येतो... बल्ली जमिनीवर टाकायची, तिच्यावर पाय द्यायचा आणि फिरवून बघायची. वाकडी असली की डुगडुगते. तो लॉट माझ्या आवारात तसाच पडून आहे. गिऱ्हाईक येतं, मी भाव सांगत नाही. माझ्या मुलांना वाटतं मी आजारी आहे.

सभांमध्ये भाऊंची हकिगत फार गुळगुळीत करून सांगितली गेली. ती तशी नव्हती. त्यांची आई रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायची आणि ते तिच्या शेजारी ढिगावर वाढले. शाळेत त्यांना जागा होती ती दाराबाहेर, म्हणून शाळा दोन वर्षांत सुटली. पुढे सिरोंच्याकडचा एक तेलुगू मिस्त्री भेटला. त्यानं त्यांना नकाशा वाचायला शिकवलं. अक्षरं ते त्यानंतर शिकले, आधी नकाशा. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले आणि आल्यावर दुसऱ्याच्या हाताखालचं काम सोडलं. घरासमोर बोर्ड लागला. पेंटरच्या हातून टिंब राहिलं आणि 'वाळके बांधकाम'चं 'वाळके बाधकाम' झालं. लोक हसले. पेंटर परत यायला तयार होईना, तेव्हा भाऊंनी चुन्यात बोट बुडवून स्वतः टिंब दिलं. दर पावसाळ्यात ते धुऊन जायचं आणि पावसाळा सरला की ते स्टुलावर चढून पुन्हा द्यायचे. कंपनी मोठी झाली, दोन जीप आल्या, मिक्सर मशीन आली, तरी बोर्ड तोच. मी एकदा म्हणालो, "भाऊ, आता तरी नवा बोर्ड लावा."

"काऊन? हे एवढंच तर काम हाये जे मले मिस्त्री लावून नाई करा लागत."

लेखाच्या नावातलं स्टूल ते हेच. त्याच्याबद्दल सांगायला हवं, कारण हा सगळा लेख त्याच्याबद्दल आहे. ज्यांनी बांधकाम जवळून पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्लॅब ओतला की तो वाळेपर्यंत खालून बल्ल्यांच्या आधारावर उभा असतो. दोनतीन आठवड्यांनी त्या बल्ल्या काढतात. बल्लीच्या बुडाशी लाकडाची पाचर असते, ती हातोड्यानं ठोकून सैल केली की बल्ली सुटते. मधून सुरुवात करायची आणि कडेकडे जायचं. त्या वेळी शहाणा ठेकेदार बाहेर उभा राहतो. लहानुभाऊ आत जायचे. कामावरच्या उरलेल्या फळ्यांचं केलेलं एक बुटकं सागवानी स्टूल जीपमधून उतरवायचे, स्लॅबच्या बरोब्बर मध्ये ठेवायचे, त्याचा एक पाय आखूड होता म्हणून खाली खपलीचा चपटा दगड द्यायचे, आणि हातात चहाचा ग्लास घेऊन बसायचे. मग म्हणायचे, "हाव, काढा आता." सगळ्या बल्ल्या निघेपर्यंत उठायचे नाहीत. शाळा असो, दवाखाना असो, मोहर्लीकडची जंगल खात्याची चौकी असो, नाल्यावरचा पूल असो. पुलाखाली चिखल असला तर चिखलात.

याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते बारातेरा वर्षांचे असताना एका नाल्यावर कमानीचा पूल होत होता. कमानीखालचा लाकडी सांगाडा ठेकेदारानं घाईनं काढायला लावला. कौसाबाई नावाची बाई, त्यांच्या आईच्या जोडीनं घमेलं वाहणारी, खाली फळ्या गोळा करत होती. कमान खाली बसली, तिच्यावरच. "ठेकेदार मोहाच्या झाडाखाली छत्री घेऊन उभा होता," भाऊ म्हणाले. "तेवढं दिसते मले अजून. छत्री." कौसाबाईची मुलगी शेवंता तेव्हा पाच वर्षांची होती. सात वर्षांची झाली तेव्हा आईचंच घमेलं तिच्या डोक्यावर आलं. पुढे भाऊंची स्वतःची कंपनी झाली तेव्हा शेवंताबाई त्यांच्या कामावर होती, आणि हे त्यांना फार डाचायचं. म्हणायचे, "तिले कामाले लावलं म्हनून लोकं मले चांगला म्हनते. ती घमेलंच उचलून राह्यली ना बे अजून."

माझी आणि त्यांची ओळख भांडणानं झाली. मी बल्ल्यांचा पहिला ट्रक घेऊन गेलो होतो. त्यांनी एकेक बल्ली पायाखाली फिरवून तिसरा हिस्सा बाजूला काढला. मी तापलो. म्हणालो, जंगलातून झाड येते भाऊ, कारखान्यातून नाही येत. माझी एक बल्ली जरी कडकली तर नाव बदलून ठेवीन. त्यांनी शांतपणे विचारलं, "पक्की हाये मनतं?"

"पक्की."

"मंग या महिन्याच्या शेवटी येजो. माह्यासंगं खाली बसजो."

मी गेलो, कारण नाही गेलो असतो तर अख्ख्या बाजारात माझं तोंड राहिलं नसतं. त्यांनी मला सिमेंटच्या रिकाम्या थैलीवर बसवलं, स्वतः स्टुलावर. पहिली पाचर ठोकली तेव्हा मी येत होत्या तेवढ्या सगळ्या दुआ म्हणून टाकल्या. वरून बारीक वाळू मानेवर पडली. भाऊ चहा फुंकत होते. म्हणाले, "काय करीमशेठ, भाव वाढवू का अजून?" मला रागही आला आणि हसूही आलं. त्या दिवसानंतर मी त्यांच्या कामावर वाकडी बल्ली पाठवली नाही. दुसऱ्यांना पाठवली, खोटं कशाला बोलू. पण त्यांच्या प्रत्येक स्लॅबखाली मी त्यांच्या शेजारी बसलो. नंतर नंतर भीती गेली आणि मला ते आवडायला लागलं... बल्ल्या एकेक करून निघायच्या, खोली मोठी मोठी होत जायची, आणि शेवटी आम्ही दोघंच त्या मोकळ्या जागेत. ते वर बघायचे आणि ग्लास खाली ठेवायचे. बस. मग उठायचं.

वैनगंगेला पूर आला की त्यांचे ट्रक बांधकामावरून उठून काठच्या गावांना जायचे. पाणी ओसरलं की पडलेल्या घरांची मोजमापं घ्यायला स्वतः चिखलात. आमच्या कब्रस्तानची भिंत खचली तेव्हा मी त्यांच्याकडे विषयही काढला नव्हता. एका सकाळी त्यांचे गवंडी येऊन उभे. मी भाव विचारला तर म्हणाले, "मेल्यावर तू तिथीच जाशील ना? मंग तुह्या घराचंच काम समज." या सगळ्याचे बोर्ड कुठे नाहीत. त्यामुळे सभांमध्ये त्याचा उल्लेख झाला नाही.

वसतिगृह हे त्यांचं शेवटचं काम. आमच्या गावात दहावीपर्यंत शाळा आहे, पण नाल्यापलीकडच्या जंगलातल्या गावांत सातवीच्या पुढे काही नाही. मुलं सायकलनं येतात. मुलींचं सातवीनंतर थांबतं आणि त्या रोपणीला, तेंदूपत्त्याला किंवा घमेल्याला लागतात. भाऊंनी ठरवलं की मुलींसाठी वसतिगृह बांधायचं. जागा गावानं दिली, कमिटी झाली, मी तिच्यावर आलो. भाऊ नव्हते. बांधणारा माणूस कमिटीवर बरा दिसत नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं पडलं. अध्यक्षांचं नाव मी लिहिलं होतं, संपादकांनी गाळायला सांगितलं. गाळलं. गावाला माहीत आहे.

एका वर्षात इमारत उभी राहिली. शेवटच्या स्लॅबखाली आम्ही दोघं बसलो. शेवंताबाईची नात मीरा, नाल्यापलीकडच्या गावची, त्याच वर्षी सातवी पास झाली होती. शेवंताबाई तिला मुद्दाम घेऊन आली आणि दारात उभी राहून म्हणाली, "पाय वं मीरा, तुही खोली." सगळ्या बल्ल्या निघाल्यावर भाऊ उठले आणि स्टूल उचललं नाही. मी म्हणालो, भाऊ, स्टूल राहिलं. म्हणाले, "राहू दे. गुडघे गेले माहे. आता यानंतर स्लॅब नाई. वार्डनबाईले बसाले होईल."

मग कमिटीची बैठक झाली. अध्यक्षांनी ठराव मांडला की एवढी मोठी वास्तू आहे, तर मुंबईचे मोठे पाहुणे बोलावून त्यांच्या हस्ते उद्घाटन करावं आणि तोपर्यंत इमारत वापरात आणू नये. भाऊ दाराशी बाकावर बसले होते. म्हणाले, "शाळा तर सोमवारी सुरू होते." अध्यक्ष हसले. "भाऊ, इतकी वर्षं जंगलात गेली पोरींची, तीन आठवड्यांनी काय होते?" मत घेतलं. सगळ्यांत आधी हात माझा वर गेला, आणि ठरावाखाली पहिली सहीही माझीच. का, ते सांगतो. मी हिशेब केला होता. मोठे पाहुणे येतात तेव्हा त्यांच्या गाडीसाठी रस्ता होतो. नाल्यापलीकडे पक्का रस्ता झाला तर माझे ट्रक बारा महिने जंगलात जातील. पाहुणे, रस्ता, बल्ल्या. मला वाटलं मी गावाचंही भलं करतोय आणि माझंही. वाटलं म्हणजे... मी वाटून घेतलं. भाऊंनी माझ्या वर गेलेल्या हाताकडे पाहिलं. खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "बरं. घ्या." काम संपल्यावर एकही चावी स्वतःकडे ठेवायची नाही हा त्यांचा रिवाज होता. बाहेर आल्यावर मला त्यांनी एवढंच विचारलं, जेवला का.

पाहुणे आले नाहीत. पहिल्यांदा अधिवेशन लागलं, दुसऱ्यांदा नदीला पूर होता, तिसऱ्यांदा पाहुण्यांचं पदच गेलं. कोनशिलेवर त्यांचं नाव कोरून झालं होतं, तारखेची जागा रिकामी. दगड भिंतीकडे तोंड करून ठेवला. नवे पाहुणे ठरले, नवा दगड आला. तीन वर्षं गेली. कुणी विचारलं की उत्तर एकच, उद्घाटन बाकी आहे. गावात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, हे मला आज सगळ्यात जास्त बोचतं. फीत कापल्याशिवाय दार उघडायचं नसतं, हे आम्ही सगळ्यांनी मानून घेतलं. पण अध्यक्षांच्या धानाच्या पोत्यांना फीत लागली नाही. ती दुसऱ्याच वर्षी मागच्या दारानं आत गेली.

मीरा पहिले दोन महिने दर बाजाराच्या दिवशी येऊन दार बघून जायची. मग आजीबरोबर कामावर जायला लागली. एका दुपारी मी तिला नव्या दवाखान्याच्या पायाड्यावर डोक्यावर घमेलं घेऊन चढताना पाहिलं. माझ्याच बल्ल्यांचा पायाडा होता तो. मी तसाच ट्रकमधून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, काढली आणि वसतिगृहाकडे निघालो. कुलपाच्या कोयंड्यात सब्बल घातली होती, एवढ्यात भाऊ आले. कुणी सांगितलं त्यांना कोण जाणे. धाप लागली होती, पायरीवर बसले.

"सब्बल ठेव."

"नाई ठेवत. तुमी सरका भाऊ."

"माह्यानं आयुष्यभर बांधनं झालं. फोडनं नाई जमत मले, तुलेबी नाई करू देत." थोडा दम खाऊन म्हणाले, "तू हात वर केला होता करीम. हे कुलूप तुह्या हातानं लागलं. आता सब्बलीनं काऊन काढतं? बैठकीत जाय. उभा राय. म्हन, माही सही चुकली, मी मागं घेतो. तू बोलला का बाकीच्याईले बोला लागन."

"सात जणांपुढे चुकलो म्हणू?"

"मंग स्लॅबखाली काऊन बसत होता तू? ते सोपं होतं?"

मी सब्बल ठेवली. म्हणालो, पुन्हा उचलणार नाही, पुढच्या बैठकीत बोलतो. पुढच्या बैठकीत मी बोललो नाही. मी आयुष्यभर दुसऱ्याला चूक ठरवून पोट भरलं. भाव करणं म्हणजे दुसरं काय असतं? मी चुकलो हे वाक्य मला बोलता येत नाही, ते तोंडात येतं आणि शिवी होऊन बाहेर पडतं. त्या बैठकीत मी दोघांशी भांडलो आणि घरी आलो. त्याच्या पुढच्याही बैठकीत तेच. भाऊ भेटले की एकच शब्द विचारायचे, "सांगतलं?" मी म्हणायचो, या वेळी नक्की. ते मान हलवायचे. दर सोमवारी सकाळी ते वसतिगृहाच्या खिडकीशी येऊन उभे राहायचे आणि गजांना धरून आत पाहायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा भिंतीची ओल बघतो.

त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात नेल्याचं कळलं तेव्हा मी गेलो. खाटेवर अगदी लहान दिसत होते. श्वास तुटत होता. त्यांनी मला ओळखलं आणि ओठ हलले. मी वाकलो.

"सांगतलं?"

आणि मी म्हणालो, "हाव भाऊ. सांगितलं. सोमवारी उघडते."

त्यांचे डोळे असे झाले की... मी तसे डोळे स्लॅबखाली पाहिले होते, शेवटची बल्ली निघाल्यावर. विचारलं, "पयली कोन?" मी म्हणालो, मीरा. शेवंताची. "पोती?" मी म्हणालो, काढली. "आन् स्टूल?" मी म्हणालो, वार्डनबाई बसते त्याच्यावर. ते माझा हात धरून राहिले, तोच हात, उजवा. दोन दिवसांनी गेले. माझ्याशी आयुष्यात ज्यांनी कधी भाव केला नाही, फक्त बल्ली पारखली, त्या माणसाला मी शेवटचा माल खोटा दिला आणि त्यांनी तो न फिरवता घेतला.

म्हणून मी चार सभांत बोललो नाही. आज बोलतो. बैठकीत मला जमलं नाही ते इथे छापून देतो, म्हणजे परत घेता येणार नाही. मुलींच्या वसतिगृहाच्या कमिटीच्या ठरावावर मी, करीम शेख, जी सही केली ती चुकीची होती. माझा हात रस्त्याच्या लोभानं वर गेला. ती सही मी मागे घेतो. मीराचं शाळेचं वय तीन वर्षांनी पुढे गेलं आणि ते मी परत देऊ शकत नाही. तिला जे म्हणायचं असेल ते मी तिच्या दारात उभा राहून ऐकून घेईन.

काल सोमवार होता. मी खिडकीशी गेलो. गजांच्या मधला रंग दोन ठिकाणी हातांनी झिजलाय, तिथेच हात ठेवले. आत पोती छतापर्यंत गेलीत. पण मधोमध, त्या पोत्यांच्या फटीत, स्टूल अजून तसंच आहे. आखूड पायाखाली खपलीचा दगड. शेजारी चहाचा ग्लास, त्या दिवशी खाली ठेवलेला, उचलायचा राहिलेला. छत मात्र कुठेही चिरलं नाही. माझी एकही बल्ली वाकडी नव्हती.

अध्यक्षसाहेब, तुम्ही हा लेख वाचाल, तुमचा फोटो याच पुरवणीत शोकसभेच्या बातमीत आहे. मी माझं उत्तर दिलं. आता तुम्ही द्या. येत्या सोमवारी शाळेच्या घंटेला मी वसतिगृहाच्या पायरीवर येऊन बसणार आहे. सब्बल आणणार नाही, भाऊंना शब्द दिलाय, आणि निदान तो तरी पाळीन. तुम्ही चावी घेऊन या, आणि शेवंताबाईच्या समोर सांगा, ते स्टूल तीन वर्षं तुम्ही कुणासाठी अडवून ठेवलंय?